जुन्या कापडांची गोधडी भेट द्यायची असेल तर

प्रश्न असा आहे: घरातल्या थोरल्या बायकांच्या पेट्यांमधून सुती आणि रेशमी साड्या, ब्लाउजपीस, चादरी, काही शर्ट असं बरंच कापड वाट्याला आलं आहे. शिवाय जुन्या कपड्यांच्या विक्रीतून थोडे तुकडे घेतले आहेत. यातून तीन गोधड्या शिवून तीन नातेवाइकांना भेट द्यायच्या आहेत, त्यातली एक नव्या बाळासाठी. कुठलं कापड घ्यायचं, किती लागेल, आणि दोन धुण्यांत गोधडी फाटू नये म्हणून काय करायचं?

उत्तर

प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात आधी घ्यायला हवा. स्वतःसाठी शिवलेली गोधडी आपण जपून धुतो, कारण तिच्यातला कुठला तुकडा नाजूक आहे हे आपल्याला ठाऊक असतं. भेट दिलेली गोधडी दुसऱ्याच्या घरी जाते आणि एके दिवशी तिथल्या टॉवेल-चादरींबरोबर मशीनमध्ये पडते. तिथे सांगायला आपण नसतो. म्हणून कापड निवडण्यापासून गोट लावेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एवढंच बघायचं की हे त्या धुण्यात टिकेल का. एक तुकडा विरला की त्याच्या चारी बाजूंच्या शिवणी मोकळ्या होतात, आतलं भरण बाहेर यायला लागतं आणि शेजारचे धडधाकट तुकडेही ओढले जातात. गोधडीचं आयुष्य तिच्यातल्या सगळ्यात थकलेल्या कापडाएवढंच असतं.

कात्री लावण्याआधी

बाहेरून आणलेलं कापड पेटीतल्या कापडात लगेच मिसळू नका. त्यात कसर, ढेकूण किंवा त्यांची अंडी असू शकतात. सुती कापड सरळ ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुऊन टाका. रेशीम आणि लोकर एवढं गरम पाणी सोसत नाही. ती घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर निदान दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड कापडावर दमट हवेतलं पाणी जमतं.

पेटीतल्या कापडांचा मुख्य त्रास डांबरगोळ्यांच्या वासाचा. हा वास अत्तर किंवा सुगंधी साबण लावून जात नाही. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन हवेत हळूहळू उडून जातं, तेव्हा कापड सावलीत, वाऱ्यावर, घड्या मोडून आठ-दहा दिवस पसरून ठेवणं हाच उपाय. उन्हात टाकाल तर वास लवकर जाईल, पण रेशमाचा रंगही जाईल.

साठवणीतले पिवळट डाग सुती कापडावरून बऱ्याचदा निघतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालून कापड काही तास भिजू द्या. रेशीम-लोकरीला हे लावू नका. क्लोरीनचं ब्लीच मात्र कुठल्याच जुन्या कापडाला नको, त्याने सूत ठिसूळ होतं. गंजाचा तांबूस डाग असेल तर त्याच्याशी झगडू नका. लोखंडाने तिथलं सूत आतून कुजवलेलं असतं, तेवढा भाग टाळूनच कापायचं.

आता कापडाची ताकद बघायची. कापड खिडकीसमोर धरा. विणीतून जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे सूत झिजलेलं आहे. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली असेल तर त्या घडीवर सरळ, उजळ रेघ दिसेल. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना चिमटीत कापड धरून, दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवून, बाहेरच्या दिशेने ओढा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. धड कापड ताठ होतं, टणक लागतं आणि सोडल्यावर होतं तसं होतं. थकलेलं कापड सोडल्यावरही सैलच राहतं, धागे सरकून जाळी दिसते. मेलेलं कापड आवाजही न करता, ओल्या कागदासारखं, मऊपणे सुटतं. हे एकाच जागी करून भागत नाही: घडी, काखेचा भाग, पदराचं टोक, चादरीचा मधला पट्टा, सगळीकडे करा. चादर मधोमध विरलेली असते पण पायाकडची आणि कडेची बाजू जवळजवळ नवी असते. शर्टाची कॉलर आणि काखा जातात, पाठ शाबूत राहते.

यातून तीन ढीग होतील. धड कापड सरळ वापरायचं. थकलेलं कापड आधार देऊन, जपलेल्या जागी वापरायचं. मेलेलं कापड गोधडीत घालायचंच नाही, ते कितीही लाडकं असलं तरी. चौकटीत बसवून भिंतीवर लावा, त्याचा मान तिथे जास्त राहतो.

दोन प्रकारांत हातावर विसंबू नका. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला रेशमाचं वजन वाढवण्यासाठी त्याला कथलाचे क्षार पाजत. असं रेशीम नुसतं ठेवल्या जागीही समांतर चिरा पडून फाटत जातं, आणि त्यावर उपाय नाही. दुसरं म्हणजे जुनी काळी-तपकिरी छपाई. तिचा रंग पक्का करायला लोह वापरलेलं असेल तर बाकी कापड उत्तम असताना नक्षीतला तेवढाच गडद भाग गळून भोकं पडतात. तपकिरी ठिपके बोटाने खरवडून बघा.

धागा कशाचा, हेही माहीत हवं, कारण इस्त्री आणि धुणं त्यावर ठरतं. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवा. सूत जळक्या कागदासारखा वास देतं आणि मऊ राखाडी राख राहते. रेयॉनही असंच जळतं. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात, काळा गोळा बोटांत चुरडतो. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि त्याचा गोळा थंड झाल्यावर दगडासारखा कडक होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा सापडतात. पॉलिएस्टर वर्ज्य नाही, पण सुतासाठी तापवलेल्या इस्त्रीखाली ते आकसतं. असे तुकडे असतील तर संपूर्ण गोधडीला मध्यम इस्त्री आणि वर पातळ सुती फडकं ठेवायचं.

रंग

भेटीची गोधडी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण फाटणं नसून रंग लागणं हे आहे. लाल, मरून, गडद निळा, काळा, जांभळा यांतला एकही रंग न तपासता आत जाऊ देऊ नका. पांढरं ओलं फडकं कापडावर वीसेक वेळा दाबून चोळा. फडक्यावर रंग आला तर कापड एकटंच, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, थोड्या सौम्य डिटर्जंटसह भिजवा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. मग ते ओलं कापड पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी फडकं कोरं असेल तर कापड घ्या. पाच-सहा पाण्यांनंतरही रंग येत असेल तर ते ब्लाउजपीस कितीही सुंदर असो, बाजूला.

मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, ही समजूत फार पसरलेली आहे. रंगवताना काही रंगांना मीठ लागतं, काहींना आम्ल लागतं, हे खरं. पण रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग त्याने बांधला जात नाही. सुटा रंग काढूनच टाकावा लागतो.

एवढं करूनही तयार गोधडीत रंग पसरला तर ती वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. भरपूर गरम पाण्यात, भांडी घासायचा पातळ साबण थोडा घालून, गोधडी पूर्ण बुडवून बारा तास ठेवा. पाणी रंगलेलं दिसलं तर बदला आणि पुन्हा ठेवा. लागलेला रंग ताजा असेपर्यंत निघतो. आत रेशमी तुकडे असतील तर मात्र पाणी कोमटच ठेवावं लागतं आणि फरकही कमी पडतो. रेशीम आणि गडद सूत एकाच गोधडीत घालताना एवढं लक्षात असू द्या.

किती लागेल

अनुभव कमी असेल तर ५ इंचाचा चौकोन कापा. चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत दबणारी कड, जाऊन शिवल्यावर तो साडेचार इंचाचा दिसतो. मांडीवर घ्यायच्या किंवा एकट्याने पांघरायच्या गोधडीला १२ चौकोन आडवे आणि १४ उभे घेतले की ५४ × ६३ इंच होतात, म्हणजे १६८ चौकोन. बाळाच्या गोधडीला ८ × १०, म्हणजे ८० चौकोन, माप ३६ × ४५ इंच. दोन मोठ्या आणि एक लहान मिळून ४१६ चौकोन झाले. वीसेक जास्त कापून ठेवा, मांडताना लागतात.

मोठ्या मापाच्या, पूर्ण बाह्यांच्या शर्टातून साधारण ३० चौकोन निघतात. साडेपाच मीटरची धड सुती साडी काठ सोडून ३०० च्या वर चौकोन देते, पण अशी साडी चौकोनांत संपवण्याऐवजी पाठीला वापरावी असं माझं मत आहे. ५४ × ६३ च्या गोधडीला पाठ प्रत्येक बाजूने ४ इंच जास्त, म्हणजे ६२ × ७१ लागते. ६२ इंचाचे दोन तुकडे लांबीच्या कडेने जोडले की साडीच्या पन्ह्यात ते सहज बसतं, आणि सव्वातीन मीटरमध्ये काम भागतं. पाठीवर आख्खी साडी ओळखू येते, घेणाऱ्याच्या अंगाला तीच लागते.

एक गोष्ट कापण्याआधी करायची: तीन गोधड्यांची तीन टोपली घ्या आणि प्रत्येक कापडाचे तुकडे तिन्हींत वाटून टाका. एक गोधडी पुरी करून दुसरीकडे वळायचं ठरवलं तर चांगली कापडं पहिलीत संपतात आणि तिसऱ्या नातेवाइकाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. प्रत्येक कापडाचा कापण्याआधी फोटो काढा. ज्या घरातून कापड आलं तिथल्या बाकीच्यांना विचारल्याशिवाय कात्री लावू नका, कापलेली साडी पुन्हा जोडता येत नाही.

कापताना उभा धागा चौकोनाच्या कडेला समांतर ठेवा. शर्टाची बाही, झग्याचा घेर असे भाग उरेब, म्हणजे धाग्याच्या तिरक्या दिशेने कापलेले, असतात. त्यांचे चौकोन शिवताना लांबतात आणि गोधडी जागोजागी फुगते. तुकडा उरेबच असेल तर आधी स्टार्च मारून इस्त्री करा, मग कापा. ताणणाऱ्या होजिअरी कापडाला उलट बाजूने इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावून मगच चौकोन कापायचा. थकलेल्या साडीलाही तेच, किंवा खाली मलमलचा तुकडा ठेवून कर्णांवर कच्चा धावदोरा घालून दोन्ही एकच कापड समजून शिवायचं. मलमल मला जास्त पटते, कारण फ्यूजिंगने साडीचा मऊपणा जातो आणि साडी ठेवण्यात तोच तर मुद्दा होता. असे चौकोन काठाला किंवा वरच्या ओळींत लावू नका. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढताना वरची कडच रोज धरली जाते, आणि मळते, झिजते तीही आधी.

जरीचा काठ मशीनच्या धुण्यात टिकत नाही. धातूची तार सुतापासून सुटते, तुटलेली टोकं कातडीला टोचतात, आणि चांदीची जर काळी पडते. काठ उसवून वेगळा ठेवा, त्याची पिशवी किंवा तोरण करा.

मांडणी

वारशाच्या कापडांत एकमेकांशी न जुळणारं बरंच असतं. रंग जुळवायच्या मागे लागू नका, उजळ-गडद जुळवा. सगळे चौकोन जमिनीवर पसरून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे दिसले तरी फोटोत ते एकाच राखाडी रंगाचे निघतील, आणि तिथे मांडणी सपाट का वाटते हे कळेल. उजळ, मध्यम, गडद असे गट करून एकाआड एक लावले की बेमेळ कापडंही बसतात. तरीही विस्कळीत वाटलं तर एकच कापड सगळीकडे फिरवा: दोन चौकोनांमधल्या दीड-दोन इंची पट्ट्या, किंवा दर चौथा चौकोन त्याचाच. बहुतेक वेळा घरातली जुनी पांढरी चादर हे काम उत्तम करते.

चौकोनांचा हिशेब नकोच असेल तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची गोधडी, कवंद, डोळ्यांसमोर ठेवा. तिथे तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत. पायाच्या कापडावर कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची कड आत मुडपून, तो तिथेच धावदोऱ्याने शिवतात आणि गोल फिरत मध्याकडे जातात. वेड्यावाकड्या, छोट्या तुकड्यांना ही पद्धत फार चांगली, कारण एक इंचही वाया जात नाही आणि मापाची चूक साचत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडमध्ये मिसुरी पेट्टवे यांनी १९४२ मध्ये नवऱ्याच्या निधनानंतर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तीही मोठ्या, वाकड्या तुकड्यांची आहे, त्यात गुडघ्यापाशी विटलेला रंगही तसाच ठेवला आहे. वारशाच्या कापडावरची खूण पुसायलाच हवी असं नाही, फक्त ते कापड धड हवं.

जोडणी

चौकोन जोडताना पाव इंच माया खरंच पाव इंच आहे का, हे आधी दोन फालतू तुकड्यांवर मोजा. माया एक सोळांश इंच जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच जातो. १२ चौकोनांच्या ओळीत ११ शिवणी, म्हणजे जवळजवळ १.४ इंच. मग ओळी एकमेकींना लागत नाहीत आणि माणूस ओढूनताणून लावतो. तिथेच सुरकुत्या पडतात. सैल विणीच्या जुन्या कापडाला मात्र पाव इंच कमीच पडतो, कारण कडेचे धागे धुण्यात सुटत जातात. त्यासाठी सगळ्याच चौकोनांना तीन अष्टमांश इंच माया धरा आणि चौकोन सव्वापाच इंचाचा कापा.

मशीनवर टाका २ ते २.५ मिलिमीटर, सुई साध्या सुती कापडाला ८० नंबर, मलमलला ७०. पेटीत कापडांबरोबर जुनी रिळंही सापडतात. ती वापरण्याआधी दोन्ही हातांत हातभर दोरा धरून झटका द्या. सहज तुटला तर त्या रिळाने कच्चे टाकेच घाला. शिवण एका बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे मोडून इस्त्री करा. शेजारच्या ओळींत ती उलट दिशांना मोडली की चौकोनांचे कोपरे एकमेकांत बरोबर अडकतात.

भरण आणि थर

जुन्या मऊ कापडांचेच थर घातलेली गोधडी वेगळी आणि बॅटिंग, म्हणजे भरणासाठी विकत मिळणारा सपाट थर, घातलेली वेगळी. कापडाच्या थरांची करायची असेल तर वरचा थर, पाठ आणि मध्ये दोन-तीन मऊ सुती साड्या किंवा चादरी एवढं पुरे. सहाव्या थरापासून सुई हाताने निघत नाही आणि वाळायला दोन दिवस लागतात. मधल्या थरालाही ताकदीची परीक्षा द्यावीच लागते. आतलं कुजकं कापड दिसत नाही, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात. घट्ट विणीची, गुळगुळीत चादर हाताने शिवायला टाळा, सुई प्रत्येक टाक्याला अडते. जुनी लोकरी घोंगडी किंवा ब्लँकेट आत घालत असाल तर ते आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसेल आणि वरचा थर पिशवीसारखा लोंबेल.

बॅटिंग घेतलं तर टाक्यांच्या ओळी किती अंतरावर हव्यात हे त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. ते पाळा. सुटा पिंजलेला कापूस भरायचा तर ओळी एक-दीड इंचावर हव्यातच, जास्त अंतर ठेवलं तर कापूस एका कोपऱ्यात जमा होतो. न आटवलेलं सुती बॅटिंग ३ ते ५ टक्के आकसतं. ५४ × ६३ ची गोधडी धुतल्यावर साधारण ५२ × ६० राहील आणि तिला बारीक चुण्या पडतील. चुण्या छान दिसतात, पण माप महत्त्वाचं असेल तर बॅटिंग आधी आटवून घ्या.

थर रचताना पाठ उलट बाजू वर करून फरशीवर चिकटपट्टीने बसवा. ताठ हवी, ताणलेली नको. ताणलेली पाठ पट्टी काढल्यावर आखडते आणि पुढचा भाग फुगतो. त्यावर भरण, त्यावर वरचा थर. हाताने सपाट करत मध्यापासून कडेकडे, दर ४ इंचांवर कच्चा धावदोरा घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळे घाई करतात. मागच्या बाजूला पडणाऱ्या चुण्यांपैकी बहुतेक इथल्या घाईच्या असतात.

पक्का धावदोराही बॅटिंग असेल तर मध्यापासून बाहेर घाला, म्हणजे फुगवटा कडेने निघून जातो. पातळ कापडांच्या थरांना कडेपासून आत येत शिवलं तरी चालतं, कारण ते एकमेकांवर घसरत नाहीत आणि प्रत्येक फेरीला हाताने सारखे करता येतात. दोरा हातभर घ्या, लांब दोरा कापडातून ओढला जाऊन झिजतो. गाठ वर ठेवू नका. हलका झटका देऊन ती वरच्या थरातून आत ओढली की भरणात अडकते. इंचाला ५ टाके चांगले, जाड दोऱ्याला ४. थकलेल्या चौकोनावरून जाताना टाके मोठे आणि ओळी विरळ ठेवा, दाट टाक्यांनी कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटतं.

वेळेचा अंदाज: ५४ × ६३ च्या गोधडीवर एक-एक इंचावर आडव्या ओळी घातल्या तर ६२ ओळी, म्हणजे जवळजवळ ८५ मीटर शिवण. तासाला दीड-दोन मीटर धरले तर ५० तासांच्या आसपास. दोन मोठ्या गोधड्या हाताने करायच्या असतील तर लग्न किंवा वाढदिवस किती लांब आहे ते आधी मोजा. वेळ कमी असेल तर ओळी दोन इंचावर घाला, किंवा मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे वरचा आणि खालचा थर एकसारखा पुढे सरकवणारा दाबपाय, लावा. साध्या फूटखाली वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या कडेला दोन बोटं कापड जास्त उरतं.

गोट

गोट नव्या, दाट विणीच्या सुती कापडाचा लावा. सगळं जुनं असावं असा आग्रह असला तरी कड मात्र नवी असू द्या, ती सगळ्यात आधी झिजते. अडीच इंच रुंद पट्ट्या, लांबी घेराएवढी अधिक १२ इंच. ५४ × ६३ चा घेर २३४ इंच, म्हणजे २४६ इंच लांबी. ४० इंच पन्ह्यातून ७ पट्ट्या, अर्ध्या मीटरात होतात. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा आणि उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून पाव इंचावर शिवा.

कोपऱ्याशी पाव इंच अलीकडे थांबा, उलटे टाके घालून दोरा तोडा. पट्टी वर, पुढच्या कडेच्या सरळ रेषेत येईल अशी ४५ अंशांत मोडा. मग तीच खाली, पुढच्या कडेवर अशी आणा की मोडलेली घडी वरच्या कडेशी अगदी जुळून बसेल. आता त्या घडीपासूनच पुढची शिवण सुरू करा. घडी कडेच्या एक-दोन धागे बाहेर राहिली तर कोपरा बोथट होतो, आत गेली तर वळवल्यावर टोकाशी कापड उरतच नाही. पाठीकडे वळवून हाताने बारीक टाके घाला. कोपऱ्याची तिरकी घडीही दोन्ही बाजूंनी शिवून टाका, नाहीतर धुण्यात तिचं तोंड उघडतं.

बाळाची गोधडी

एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटं पांघरूण, गोधडी, उशी ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण नाका-तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून ही गोधडी जमिनीवर, कुणी जवळ असताना पालथं पडायला आणि खेळायला म्हणून द्या आणि तसं स्पष्ट सांगा. तिच्यात बटण, मणी, टिकल्या, जर, फिती काहीही नको. मागे लांब सुटे टाके किंवा धाग्यांची वेटोळी राहू देऊ नका, तान्ह्या बोटांना ती गुंडाळली जातात. रेशीम आणि थकलेलं कापड इथे पूर्ण वर्ज्य, कारण ही गोधडी बाकी दोघींपेक्षा कितीतरी जास्त वेळा धुतली जाईल, आणि गरम पाण्यात.

देण्याआधी प्रत्येक गोधडी स्वतः एकदा मशीनमध्ये धुवा, नेहमीच्या डिटर्जंटने, घेणारा धुईल तशीच. मग उजेडात बसून एकेका शिवणीवरून बोट फिरवा. कुठे धागे सुटलेत, कुठला चौकोन फिसकटला, रंग कुठे उतरला, हे आता कळलं तर दुरुस्त होतं. फिसकटलेल्या चौकोनावर दुसरा चौकोन कडा मुडपून, हाताने शिवून बसवा. पाठीच्या एका कोपऱ्यात सुती पट्टीवर पक्क्या शाईने किंवा दोऱ्याने लिहा: कापड कुणाकुणाचं, साल, कुणी शिवली, आणि खाली धुण्याच्या सूचना, जसं की थंड पाणी, सौम्य फेरा, सावलीत सपाट वाळवणे. बरोबर त्याच कापडांचे धुतलेले पाच-सहा तुकडे आणि गोटाची हातभर पट्टी एका पाकिटात घालून द्या, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याला तेच कापड मिळेल.